वीजबचतीचा हमी करार: पथदिव्यांना चालेल, पंपाला उत्तम, बंद मीटरवर नकोच

"आज एक रुपयाही देऊ नका, बचतीतून फेडा" असं सांगत ग्रामपंचायतीच्या दारात येणारे प्रस्ताव विदर्भात आता नवलाईचे राहिले नाहीत. कंपनी स्वतःच्या पैशानं जुने पथदिवे काढून एलईडी लावते, जमल्यास पाणीपुरवठ्याचा पंपही बदलते, आणि बिलात जी घट होईल तिच्यातून पाच-सात वर्षं आपले पैसे वसूल करते. मुदत संपली की सामान पंचायतीचं. या सेवेला ऊर्जा कामगिरी करार म्हणतात आणि ती देणाऱ्या कंपनीला एस्को. हे परीक्षण कुठल्या एका कंपनीचं नाही, सेवेच्या या प्रकाराचं आहे. डोळ्यांसमोर आहे ते दीड ते पाच हजार वस्तीचं गाव, ८० ते २५० खांब, पाण्याच्या एक-दोन जोडण्या आणि बिलावर चढलेली थकबाकी.

निकाल आधीच सांगून टाकू. नुसत्या पथदिव्यांसाठी वीजबचतीचा करार म्हणून ही सेवा महाग पडते. देखभालीचा करार म्हणून घेतली, तर घेण्यासारखी आहे. पंपासाठी ती खरोखर कामाची आहे, आणि प्रस्तावात नेमका पंपच शेवटच्या पानावर ढकललेला असतो. मीटर बंद असेल आणि बिल सरासरीनं येत असेल तर आधी मीटर बदलून घ्या, कराराचं नंतर बघा.

वजाबाकीतला घोळ

बचत मीटरवर दिसत नाही. ती आधीच्या वापरातून नंतरचा वापर वजा करून काढावी लागते. नंतरचा मोजता येतो, आधीचा निघून गेलेला असतो, म्हणून सगळी भांडणं त्या आधीच्या आकड्यावर होतात. प्रस्तावात तो खांब गुणिले वॅट गुणिले तास असा मांडलेला असतो. समजा गावात १२० खांब आहेत आणि प्रत्येकावर ४० वॅटची ट्यूब. तांब्याच्या चोकसकट ती साधारण ५५ वॅट खाते. तिच्या जागी २० वॅटचा एलईडी येणार. रोज सरासरी ११ तास, म्हणजे वर्षाला ४,०१५ तास. एकूण भार ६.६ किलोवॅटवरून २.४ वर येतो, ४.२ किलोवॅट वाचतात, वर्षाला १६,८६३ युनिट. सगळे आकार धरून युनिट ८ रुपयांना मानलं, तर १ लाख ३५ हजार रुपये. कागदावर झकास.

आता रात्री आठनंतर गावात एक फेरी मारा आणि जळणारे दिवे मोजा. १२० पैकी ८० लागलेले निघाले, तर आधीचा खरा भार ४.४ किलोवॅटच होता. नंतरचा २.४ आहे, कारण नवे दिवे सगळ्याच खांबांवर लागणार. वाचले फक्त २ किलोवॅट, वर्षाला ८,०३० युनिट, म्हणजे ६४ हजार रुपये. प्रस्तावातल्या आकड्याच्या निम्म्याहूनही कमी. यात फसवणूक असतेच असं नाही. चाळीस अंधारे खांब उजळले ही सेवा झालीच, पण तिचे पैसे बिलातून सुटत नाहीत. तेव्हा करारात दोन खाती वेगळी लिहून घ्यावीत: जळणाऱ्या ८० दिव्यांची बचत, आणि बंद पडलेल्या ४० खांबांवरचे नवे दिवे. दुसऱ्याचा खर्च पंचायतीनं आपल्या निधीतून सरळ करावा. तो बचतीच्या हप्त्यात मिसळला की सातव्या वर्षापर्यंत कोण कशाचे पैसे देतंय हे कुणालाच कळत नाही.

याहून वाईट अवस्था बंद मीटरची. मीटर फॉल्टी असल्यानं दरमहा ९०० युनिटांचं सरासरी बिल येतंय असं धरा, वर्षाला १०,८००. प्रत्यक्षात ते ८० जुने दिवे १७,६६६ युनिट खात होते. एलईडी लागले, नवा मीटर बसला, वापर ९,६३६ युनिटांवर आला. वीज जवळपास निम्मी वाचली, बिल मात्र फक्त १,१६४ युनिटांनी उतरलं. कंपनी म्हणणार आठ हजार युनिटांचे पैसे द्या, ग्रामसेवक म्हणणार बिलात तर काहीच फरक नाही, आणि दोघंही खरं बोलत असणार. म्हणून प्रस्ताव स्वीकारण्याआधी पथदिव्यांच्या प्रत्येक जोडणीचा ग्राहक क्रमांक, मागच्या बारा महिन्यांची बिलं आणि बिलावरचा रीडिंगचा शेरा एका तक्त्यात मांडावा. तीनपेक्षा जास्त महिने सरासरीचे असतील, तर मीटर बदलून किमान तीन महिन्यांचं खरं रीडिंग हाती येईपर्यंत सही करू नये.

आणखी एक फट आहे ती चोवीस तास जळणाऱ्या दिव्यांची. पथदिव्यांची वेगळी तार तुटली की कुणी झिरो वायरमन, म्हणजे परवाना नसलेला तारवाला, दिवा थेट फेजवर जोडून देतो आणि मग तो भर उन्हातही जळत राहतो. असे तीस दिवे असतील, तर दिवसाच्या १३ तासांत वर्षाला ७,८०० च्या वर युनिट फुकट जातात. हा वापर आधाराच्या, म्हणजे ज्यातून वजाबाकी करायची त्या आधीच्या आकड्यात शिरला, की एका टायमरनं आणि थोड्या तारेनं झालेली बचत कंपनीच्या नावावर चढते. असे दिवे करारापूर्वी पंचायतीनंच दुरुस्त करून घ्यावेत आणि मोजणी नंतर करावी.

तासांच्या आकड्यावरही नजर ठेवा. नागपूरच्या आसपास जूनमध्ये रात्र साडेदहा तासांची असते, डिसेंबरअखेर तेरा तासांची. संधिप्रकाश वजा केला की वर्षाची सरासरी ११ ते साडेअकरा तास येते. प्रस्तावात १२ तास धरले असतील, तर बचत आपोआप चार-नऊ टक्क्यांनी फुगते. शिवाय पोळा, गणपती, लग्नाचा मांडव यांसाठी पथदिव्याच्या तारेवर टाकलेले आकडे मीटरवर उमटतातच. त्याची भरपाई कोण करणार हे न लिहिलेले करार पहिल्याच दिवाळीत अडकतात.

कराराचा कोणता साचा

जगभरात दोन साचे रूढ आहेत. एकात कर्ज संस्था काढते आणि कंपनी बचतीची हमी देते. बचत कमी पडली तर फरक कंपनी भरते. दुसऱ्यात पैसा कंपनीचा असतो आणि बचत वाटून घेतली जाते. अमेरिकेत केंद्र सरकारच्या इमारतींचे हमी करार २५ वर्षांपर्यंत चालतात. बर्लिन शहरानं १९९६ पासून सरकारी इमारतींचे गट करून हीच पद्धत राबवली. आपल्याकडच्या पथदिव्यांत तिसराच साचा चालतो: दिव्यांची संख्या आणि वॅट यांवरून बचत एकदाच गृहीत धरायची आणि ठरलेला वार्षिक हप्ता द्यायचा. जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पथदिवे कार्यक्रमात एनर्जी एफिशियन्सी सर्व्हिसेस लिमिटेडनं नगरपालिकांशी सात वर्षांचे करार केले, त्यांचा गाभा हाच होता. या सरकारी कंपनीच्या मोठ्या खरेदीचा खरा फायदा दरात झाला. २०१४ मध्ये ३१० रुपयांना खरेदी होणारा घरगुती एलईडी बल्ब २०१६ मध्ये ३८ रुपयांवर आला.

(नागपूर जिल्ह्यात २०२१ च्या ग्राम उजाला योजनेत दहा रुपयांना बल्ब मिळाले, ते प्रकरण वेगळं. तो पैसा कार्बन क्रेडिटमधून उभा करायचा होता आणि तो घरांचा मामला होता. पंचायतीच्या बिलाशी त्याचा संबंध नाही.)

दर उतरल्यानं मात्र या कराराच्या मुळावरच प्रश्न उभा राहतो. दिवा महाग होता तेव्हा दुसऱ्याचा पैसा हवा होता. आज १२० दिवे, ब्रॅकेट, केबल आणि मजुरी धरून काम अडीच-तीन लाखांत बसत असेल, तर पंचायत ते दोन टप्प्यांत स्वतः करू शकते. मग सात वर्षं हप्ता कशाचा द्यायचा? उत्तर एकच: देखभालीचा. बंद पडलेला दिवा ४८ तासांत लागणार असेल तर हप्ता वसूल आहे, नाहीतर तुम्ही फक्त महाग कर्ज घेतलंय.

त्यामुळे पथदिव्यांसाठी दरवर्षी बचत मोजण्याच्या फंदात पडू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. मोजणीच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत, म्हणजे आयपीएमव्हीपीमध्ये, चार पर्याय आहेत. पर्याय ए मध्ये एक मुख्य राशी मोजायची आणि बाकीच्या ठरवून घ्यायच्या; दिव्यांना तो पुरेसा आहे. काम सुरू होण्याआधी आणि नंतर बारा-पंधरा दिवे चिठ्ठ्या टाकून निवडा, तेही तिन्ही फेजवरचे, डीपीजवळचे आणि लाइनच्या टोकाचे. वॅटमीटरनं मोजा, तास कराराप्रमाणे धरा, विषय संपला. पर्याय सी म्हणजे सबंध बिलावरून बचत काढणं. सरासरी बिलांच्या गावात त्या वाटेला जाऊच नये. पथदिव्यांच्या करारात दंडाची सगळी धार चालू दिव्यांच्या टक्केवारीवर ठेवा.

ती टक्केवारी कोण मोजणार

इथे विक्रेते सीसीएमएस पॅनेल पुढे करतात. हे मोबाइल सिम असलेलं पेटीतलं यंत्र. सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळेप्रमाणे दिवे चालू-बंद करतं आणि युनिट, विजेचा दाब (व्होल्टेज), प्रवाह यांची नोंद पाठवतं. चालू-बंद करण्याचं काम ते चोख करतं. बंद दिवे ओळखण्याचं नाही. एका पॅनेलवर २० वॅटचे तीस दिवे असतील तर भार ६०० वॅट आणि २३० व्होल्टला प्रवाह २.६ अँपिअर. एक दिवा गेला की प्रवाह ०.०९ नं घटतो. पण एलईडीचा ड्रायव्हर, म्हणजे दिव्यातला चिपला वीज पुरवणारा भाग, दाब कमी झाला की जास्त प्रवाह ओढतो: २०० व्होल्टला तेच तीस दिवे ३ अँपिअर घेतात, २६० ला २.३. संध्याकाळी दाब दबलेला आणि मध्यरात्रीनंतर चढलेला हा गावठाण फीडरचा रोजचा क्रम. त्या चढउतारात दोन-तीन बंद दिवे सहज बुडून जातात. पॅनेल अँपिअरवर नाही तर वॅटवर हिशेब करतं का, हे विचारा. वॅटवर करत असेल तरी एका दिव्याचा फरक तीन टक्क्यांचा, म्हणजे नोंदीच्या धूसर पट्ट्यातलाच. गडचिरोलीच्या आतल्या भागात नेटवर्क नसलं की तीही नोंद येत नाही. गोंदिया-भंडाऱ्याकडच्या बारा-पंधरा खांबांच्या टोल्यांना तर पॅनेलचा खर्चच परवडत नाही. तिथे तारखेप्रमाणे सूर्योदय-सूर्यास्ताची वेळ धरून चालणारा साधा अॅस्ट्रो टायमर बसवावा.

म्हणून टक्केवारी पायी मोजायची. खांबांवर रंगानं क्रमांक घाला. महिन्यातून दोनदा, तारीख आधी न सांगता, पंचायतीचा शिपाई आणि कंपनीचा माणूस अशा दोघांनी फेरी मारायची आणि एकाच वहीत दोघांनी सह्या करायच्या. ९५ टक्क्यांखाली गेलं की दर दिव्यामागे दर दिवसाला कपात, आणि ती पुढच्या हप्त्यातून आपोआप. "दंड आकारण्यात येईल" एवढंच लिहिलं असेल तर तो कधीच आकारला जात नाही.

दिवा नेमका कशानं जातो

वॉरंटी पाच-सात वर्षांची लिहिलेली असते. चिप सहसा टिकते, मरतो तो ड्रायव्हर. त्यातल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य तापमान दहा अंशांनी वाढलं की साधारण निम्मं होतं. चंद्रपूर-वर्ध्याच्या मे महिन्यात दिव्याचं डबडं दिवसभर तापतं आणि सूर्यास्ताला लागताना गरमच असतं. ड्रायव्हरची कमाल तापमानमर्यादा विचारा, आणि दिवा अॅल्युमिनियमच्या डाय-कास्ट खोक्यातला, आयपी ६५ किंवा ६६ चा, म्हणजे धूळ-पाणी आत न जाणारा घ्या. पत्र्याच्या खोक्यात पहिल्याच पावसाळ्यात किडे आणि पाणी शिरतं.

दुसरा मारेकरी न्यूट्रल. वाऱ्यानं एलटी, म्हणजे गावातल्या कमी दाबाच्या लाइनचा न्यूट्रल तुटला की एका फेजवरचा दाब ३०० च्या वर जातो आणि एका रात्रीत एका ओळीतले वीस दिवे उडतात. करारात हे "बाह्य कारण" म्हणून वॉरंटीबाहेर टाकलेलं असतं. दोन गोष्टी मागून घ्या: ड्रायव्हर १४० ते २७० व्होल्टला चालला पाहिजे आणि ४४० व्होल्टला जळून न जाता बंद व्हायला हवा. शिवाय दाबामुळे उडालेले दिवे वर्षाला एकूण संख्येच्या ठरावीक टक्क्यांपर्यंत, समजा पाच, कंपनीनं फुकट बदलायचे.

तिसरी वीज, आभाळातली. मृगाच्या तोंडावर आणि परतीच्या पावसात विदर्भात ती भरपूर पडते. प्रस्तावात १० केव्हीचं सर्ज संरक्षण, म्हणजे दाबाचा अचानक झटका जमिनीत सोडणारा भाग, लिहिलेलं असतं आणि सामानात ते असतंही. पण त्याची हिरवी तार जमिनीपर्यंत पोहोचली तरच त्याचा काही उपयोग. आपल्याकडचे एलटी खांब बहुतेक सिमेंटचे. त्यांच्यातून अर्थिंग आपोआप मिळत नाही. खांबावरून जीआय तार खाली आणून गाडावी लागते, किमान दर पाचव्या-सहाव्या खांबाला आणि ओळीच्या शेवटी. घाईच्या कामात ती हिरवी तार ब्रॅकेटलाच गुंडाळून ठेवलेली दिसते. काम ताब्यात घेताना शिडी लावून दहा खांब उघडून बघा. त्यात एकालाही अर्थिंग नसेल तर पूर्णत्वाचा दाखला अडवा.

कागदपत्रांत दिव्याचा एलएम-७९ (उजेड आणि वॅटची चाचणी) आणि चिपचा एलएम-८० (उजेड किती टिकतो याची चाचणी) अहवाल मागा, आणि मॉडेल क्रमांक प्रत्यक्ष पोचलेल्या खोक्यावरच्या क्रमांकाशी जुळवा. बीआयएस नोंदणीचा क्रमांक प्रत्येक खोक्यावर हवा. खांब महावितरणचा असल्यानं लाइन बंद करायची परवानगी आणि परवानाधारक ठेकेदार या दोन्ही अटी करारात नावानिशी हव्यात. झिरो वायरमनला खांबावर चढवून पैसे वाचवणारी कंपनी असेल, तर बाकीचं सगळं चांगलं असलं तरी नको.

पंप: जिथे खरा पैसा आहे

गावच्या नळयोजनेचा पंप तपासायला ऊर्जा लेखापरीक्षक लागतोच असं नाही. टाकीची क्षमता, घड्याळ, मीटर आणि विहिरीत सोडायला दोरी एवढ्यावर भागतं. गावातले सगळे व्हॉल्व्ह बंद करून ५० हजार लिटरची टाकी भरायला किती वेळ लागतो ते बघा. पाच तास लागले तर तासाला १० घनमीटर. त्याच वेळी मीटरचं रीडिंग घ्या. समजा तासाला ६.५ युनिट. पाण्याच्या पातळीपासून टाकीच्या तोंडापर्यंत उंची ४५ मीटर, पाइपातल्या घर्षणाचे १० धरा, एकूण ५५. पाणी चढवायला खरी लागणारी ताकद म्हणजे १० गुणिले ५५ गुणिले ९.८१ भागिले ३,६००, साधारण १.५ किलोवॅट. ओढतोय साडेसहा. कार्यक्षमता २३ टक्के. विहिरीवरचा १० एचपीचा जुना पंप, दोनदा रिवाइंड केलेली मोटर आणि झिजलेले इंपेलर असले की हाच आकडा येतो.

योग्य मापाचा ५ एचपीचा चांगला पंपसेट एकंदर ४५ टक्क्यांनी चालतो. तेवढंच पाणी ३.३ युनिटांत. हजार लिटरमागे वापर ०.६५ वरून ०.३३ वर येतो. जल जीवन मिशनच्या माणशी ५५ लिटरनं अठराशे वस्तीला रोज सुमारे १०० घनमीटर लागतात. म्हणजे रोज ३२ युनिट, वर्षाला ११,६८० युनिट वाचतात. युनिट सहाला धरलं तरी ७० हजार रुपये. वर दाखवलेल्या १२० दिव्यांच्या खऱ्या बचतीपेक्षा जास्त, आणि तेही एका पंपात. दुकानदार "थोडा मोठाच घ्या, विजेचा दाब कमी असतो" म्हणून पुन्हा १० एचपी गळ्यात मारतो. तिथेच सगळी बचत जाते. दाबाचं दुखणं पंप मोठा करून बरं होत नाही. ५ एचपीला २ केव्हीएआरचा कपॅसिटर लावा, आणि ऑटोस्विच असेल तर त्याला वेळेची दिरंगाई द्या, म्हणजे वीज येताक्षणी सगळ्यांचे पंप एकदम उठणार नाहीत.

पंपाच्या करारात मोजणी पर्याय बी नं व्हावी: युनिट आणि लिटर दोन्ही मीटरवर, वर्षभर. आधार "महिन्याला इतके युनिट" असा कधीच घेऊ नका. नळजोडण्या वाढल्या की पाणी वाढतं, युनिट वाढतात आणि कंपनी म्हणते, बचत होती, तुम्ही वापरून टाकली. हजार लिटरमागे किती युनिट, हाच आधार. त्यातही मे महिन्यात विहीर सहा मीटर खाली गेली, तर ५५ चे ६१ मीटर होतात आणि त्याच पंपाला दहा-अकरा टक्के वीज जास्त लागते. म्हणून पातळी महिन्याला एकदा दोरीनं मोजून वहीत लिहायची आणि दुरुस्तीचं सूत्र करारातच घालायचं. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात बोअरचं पाणी असेल तर इंपेलरवर क्षार बसून कार्यक्षमता लवकर घसरते. तिथे वर्षातून एकदा पंप काढून साफ करणं कंपनीच्या कामांत लिहून घ्यावं. पाण्याचा मीटर बसवायला कंपनी कां-कूं करते, कारण त्यावर तिचा दावा उघडा पडतो. तो मीटर तिच्याच खर्चानं बसवून घ्या.

भार उतरल्यावर महावितरणकडे मंजूर भार कमी करायचा अर्ज करा. स्थिर आकार मंजूर भारावर लागतो, वापर निम्मा झाला तरी तो आपोआप उतरत नाही.

पैसा कुठून जातो

पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळातल्या अनुदानाचे ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेले होते, ४० टक्के अबंधित. पाण्याचं बिल बंधित भागातून निघायचं, पथदिव्यांचं अबंधितातून. दोन्ही कामांचा एकच हप्ता ठेवला तर तो कुठल्या शीर्षातून द्यायचा यावर लेखापरीक्षणात आक्षेप येतो. हप्ते वेगळे ठेवा आणि दोन्ही कामं ग्रामपंचायत विकास आराखड्यात आधी घाला. अनुदान वर्षाला दोन हप्त्यांत येतं, कंपनीला दरमहा पैसे हवे असतात. सहामाही हप्ता मागा. शिवाय पंचायतीची मुदत पाच वर्षं आणि करार सातचा. ग्रामसभेचा ठराव, करार आणि खांबांची यादी ग्रामसेवकाच्या दप्तरात एकत्र नसली, तर नव्या सरपंचांच्या काळात करार अनाथ होतो.

थकबाकी असेल तर आणखी एक पेच. चालू बिल उतरतं, पण व्याजासह एकूण रक्कम वाढतच राहते आणि गावात "एलईडी लावून बिल वाढलं" अशी बोंब होते. थकबाकीचे हप्ते आधी बांधून घ्या.

कंपनीच्या बाजूनं पाहिलं तर तिला धास्ती वसुलीची असते, आणि ती खोटी नाही. पथदिव्यांच्या करारांत स्थानिक संस्थांकडे रकमा थकल्याचं देशभर जाहीर आहे. ती धास्ती हप्त्याच्या व्याजात मिसळून तुमच्याकडेच परत येते. बँकांची भीती कमी करायला केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोनं हमी निधी उभा केला, लघुउद्योगांच्या सिडबी बँकेची जोखीम-वाटणीची सोय २०१५ मध्ये सुरू झाली. पण एका गावाच्या तीन लाखांसाठी बँक फाइल उघडत नाही.

या करारांवरच्या संशोधनाची दिशा इथेच उपयोगी पडते. सुरुवातीची वर्षं अभ्यासकांनी तंत्रज्ञान आणि हमीवर घालवली. आता भर आहे तो करार उभा करायच्या खर्चावर: तपासणी, निविदा, मोजणी, वाद. हा खर्च प्रकल्प लहान असला म्हणून लहान होत नाही. त्यावर तीन उपाय पुढे आले: अनेक जागा एका निविदेत बांधणं, खरेदीदाराच्या बाजूचा तटस्थ सल्लागार नेमणं, आणि मोजणी सोपी किंवा आपोआप करणं. युरोपात सप्टेंबर २०१७ मध्ये युरोपीय संघाच्या सांख्यिकी कार्यालयानं, युरोस्टॅटनं, असे करार सरकारी कर्जात कधी धरायचे याचे नियम बदलले, तेव्हापासून हिशेबाच्या बाजूवरही बरंच लिहिलं गेलं. आंध्र प्रदेशानं २०१७ पासून ग्रामीण पथदिवे गावागणिक न घेता जिल्ह्यांच्या पातळीवर घेतले, तोही जागा एकत्र बांधण्याचाच प्रकार. आपल्याकडे पंचायत समितीच्या पातळीवर चाळीस-पन्नास गावांची एक निविदा निघाली, तर एक मोजणी पथक, एक दुरुस्तीची गाडी आणि पाच टक्के सुट्या दिव्यांचा एकच साठा पुरतो. एकट्या गावासाठी गाडी तालुक्याहून येणार, आणि तीन दिवे साचल्याशिवाय येणार नाही. स्मार्ट मीटर बसलेल्या जोडण्यांवर पंधरा-तीस मिनिटांच्या नोंदी मिळतात. त्या पंचायतीलाही दिसतील अशी अट घाला, म्हणजे दिवसा जळणारे दिवे खुर्चीत बसून कळतात.

शाळा आणि आरोग्य उपकेंद्रं या करारात ओढू नयेत. चार पंखे, सहा ट्यूब आणि एक संगणक यांची बचत तपासणीच्या चहापाण्यातच संपते. ग्रामीण रुग्णालयापासून वर विचार करायला जागा आहे.

कंपनी निवडताना ब्युरोच्या यादीत ती आहे का आणि तिची श्रेणी काय, हे बघा. श्रेणी पतमानांकन संस्था देतात. त्याहून उपयोगाचं म्हणजे तिचा तिसऱ्या वर्षात असलेला एखादा करार रात्री जाऊन बघणं. पहिल्या वर्षी सगळ्यांचेच दिवे लागतात.

शेवटच्या वर्षाचं कलम बहुतेक वेळा एका ओळीचं असतं: "मुदतीअंती साहित्य हस्तांतरित." तेवढ्यावर सोडू नका. हस्तांतराच्या दिवशी किमान ९५ टक्के दिवे चालू, पंपाचा हजार लिटरमागचा वापर कराराच्या आकड्यापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त नाही, पॅनेलचं सिम आणि पासवर्ड पंचायतीच्या नावे, पाच टक्के सुटे दिवे आणि ड्रायव्हर गोदामात, आणि हे सगळं तपासून होईपर्यंत शेवटचा सहामाही हप्ता रोखलेला, इतकं लिहून घ्या.